हौसाचे हात

डोंगरांना अजून नावे पडली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठी बुरुडांची एक वस्ती होती. तिथे हौसा नावाची एक बाई राहत असे.

वस्तीत कुणी अंथरुणाला खिळले की हौसाला हाक जाई. रोग्याला हळूच कुशीवर वळवावे, कोमट पाण्याने पाठ पुसावी, सुकलेले ओठ ओले करावेत, भिजलेली गोधडी बदलावी, हे सारे ती न कंटाळता करी. म्हातारी माणसे म्हणत, "हिच्या हाताला माया आहे."

एके दिवशी ती शेजारच्या बुरुडाच्या पायाची पट्टी बदलत होती. बांबूची चीप घुसून त्याची जखम चिघळली होती, पू वाहत होता. इतक्यात हौसाचा मुलगा धावत आला. "आई, चल लवकर! केवडाला कळा सुरू झाल्यात!"

केवडा म्हणजे हौसाची सून. हौसा तशीच उठली. पदराला हात पुसत घरी पोचली.

केवडा घामाने निथळत होती. सासूला पाहून तिला धीर आला. तरी कण्हता कण्हता तिने विचारले, "आत्याबाई, हात धुतलेत ना?"

हौसाला ते लागले. "साऱ्या वस्तीची सेवा केली या हातांनी. आज माझ्याच सुनेला त्यांची किळस आली का?"

केवडाला पुढची कळ आली. वाद घालायची ती वेळ नव्हती. रांजण दाराशीच होता, पण हौसा रागाच्या भरात तिकडे वळली नाही.

मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत. घरात आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. केवडाला हुडहुडी भरली, अंग तव्यासारखे तापले.

हौसाने रात्रीचा दिवस केला. कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, चमच्याने पेज पाजली. ताप हटेना. शेवटी वैद्य आले. नाडी पाहून त्यांनी विचारले, "बाळंतपणाआधी तू कुठे होतीस, हौसा?"

"शेजारी. जखम बांधत होते."

"आणि हात?"

हौसाची मान खाली गेली.

केवडाने सारे ऐकले होते. तिने सासूचा हात आपल्या तापलेल्या हातात घेतला. "मला किळस नव्हती आली हो आत्याबाई. नुसतं विचारलं होतं."

दिवस मावळायच्या आत केवडा गेली.

हौसा पुष्कळ दिवस कुणाच्या घरी गेली नाही. मग पुन्हा एका रोग्याकडून बोलावणे आले, तेव्हा ती उंबऱ्याबाहेरच थांबली. घरच्यांना म्हणाली, "आधी मला विचारा, हात धुतलेस का?"

पुढे वस्तीतली लहान पोरेसुद्धा तिला विचारू लागली. दर वेळी तिचे डोळे भरून येत, आणि दर वेळी ती राख घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत हात घासून धुई.

पाळण्यातली नात रडू लागली की शेजारणी म्हणत, "अगं, उचल की पोरीला! जीव कासावीस झालाय तिचा."

"माझाही झालाय," हौसा म्हणे, आणि हातांवर आणखी एक तांब्या पाणी ओती.

तात्पर्य : मायेचे हातही आधी धुवावे लागतात, आणि कुणी तशी आठवण करून दिली तर तो अपमान समजू नये.