खुणेच्या दगडाखालची चूल

कुठल्या राजाच्या अमदानीत ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, इतक्या जुन्या काळी एका काळ्या कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाचा पाटील होता खेमाजी. माणूस सरळ, कष्टाळू, शब्दाचा पक्का. पण एक गोष्ट त्याच्या तोंडी सारखी असायची. म्हणायचा, "आम्ही इथले मूळचे. आमच्या आधी इथं वाराही नव्हता."

एका वर्षी खालच्या नदीनं पात्र बदललं. जुन्या काठावरची माणसं उघड्यावर आली. खायला मासे नव्हते, प्यायला पाणी नव्हतं. बायकापोरं, शेळ्या, जाळी घेऊन ती वर चढली आणि गावाबाहेरच्या ओसाड माळावर त्यांनी झोपड्या घातल्या. त्यांचा म्होरक्या होता म्हातारा सटवाजी.

माळावर गावानं कधी नांगर घातला नव्हता. तरी गाव चिडलं. "आज माळ घेतला, उद्या शिवार घेतील," लोक म्हणाले. भांडण वाढलं, दोन्हीकडची माणसं जखमी झाली आणि प्रकरण राजाच्या कानावर गेलं. राजानं सांगावा धाडला, "पावसाळ्याआधी मी स्वतः येतो. जो पुराव्यानिशी पहिला ठरेल, माळ त्याचा. दुसऱ्यानं निघून जायचं."

गावाला आनंद झाला. पुरावा तर होताच! वाडवडील सांगत आले होते की गाव वसवताना मूळपुरुषानं नांगराची खूण कोरलेला दगड देवीच्या पारामागं पुरला होता. खेमाजीनं कुदळ उचलली. असं पवित्र काम त्याला दुसऱ्याच्या हाती द्यायचं नव्हतं.

कमरेइतकं खणल्यावर दगड लागला. वरची माती पुसताच नांगर दिसला. गाव गोळा झालं, गुलाल उधळला गेला, दगड वाजतगाजत पारावर नेऊन ठेवला.

खेमाजी मात्र खड्ड्यातच उभा होता. दगड उचलल्यावर खाली त्याला काळपट राख दिसली होती. त्यानं हातानं राख सारली. तीन धोंडे मांडलेली चूल होती. चुलीपाशी फुटकं मडकं होतं, त्यावर तांबड्या रंगात हरणं काढलेली. असलं मडकं त्याच्या गावात कुणी कधी घडवलं नव्हतं.

दगड पुरायच्या आधीच इथं कुणाचा तरी स्वयंपाक होऊन गेला होता.

खेमाजीनं चुलीवर माती लोटली आणि तो घरी आला. पण अन्न गोड लागेना. त्याची बायको भागाई म्हणाली, "अहो, दगड तर सापडला. मग चेहरा असा का?"

"काही नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खड्ड्यात उतरला. आपल्या मनाला त्यानं सांगितलं, चुलीखाली आणखी जुना नांगर निघेल, आपल्याच माणसांचा. पण निघाली ती आणखी एक राख, आणखी कुणाची मडकी. त्याखाली धार काढलेल्या गारगोट्या. आता खणणं एकट्याच्यानं आवरेना. त्यानं गावकऱ्यांना हाक मारली, तर ते हसून म्हणाले, "पाटील, खटला जिंकलाय आपण. आता पाताळ गाठायचंय का?"

तेव्हा खेमाजी माळावर गेला. आजवर तिथं तो भांडायलाच गेला होता. सटवाजी जाळं विणत बसला होता. नदी नव्हती, पण हाताची सवय सुटत नव्हती.

"मला खणायला माणसं हवीत," खेमाजी म्हणाला.

"आम्हालाच हाकलायचा पुरावा आम्हीच खणायचा होय, पाटील?"

खेमाजी खाली बघत म्हणाला, "कुणाला हाकलायचं, तेच मला कळेनासं झालंय."

म्हाताऱ्यानं हातातली गाठ पुरी केली. मग जाळं बाजूला ठेवून उठला.

दोघे आणि माळावरचे काही गडी खणू लागले. गारगोट्यांखाली नदीतली वाळू आणि गोल गुळगुळीत गोटे लागले. कड्याच्या माथ्यावर नदी! त्या वाळूत एक सुळा होता, माणसापेक्षा लांब, कुठल्याच ओळखीच्या हत्तीचा नसलेला. त्याखाली काळा पाषाण लागला आणि पहारी बोथटल्या.

"हा दगड काही फुटायचा नाही," सटवाजी म्हणाला. "पण याचंच पोट कड्याला उघडं आहे. खाली उतरून बघू."

खेमाजी जन्मभर त्या कड्याखालून गेला होता, पण थांबून त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. वर काळा पाषाण. त्याखाली विटेसारख्या लाल मातीचा पट्टा. पुन्हा काळा पाषाण. पुन्हा लाल पट्टा.

"ही माती भट्टीतल्यासारखी भाजलीय," सटवाजी पुटपुटला.

खरंच तसं झालं होतं. फार पूर्वी तिथली जमीन फाटून आगीचा रस वाहिला होता. तो थिजून दगड झाला. दगडाची माती झाली, मातीवर रान उगवलं, आणि रान ऐन भरात असताना पुन्हा आग आली. असं किती वेळा झालं, ते त्या कड्यालाच ठाऊक.

पायथ्याशी पांढरट खडक होता. त्यात चिमुकल्या गोगलगायींचे शंख चिकटलेले होते. एका झाडाचं खोड आडवं पडलं होतं आणि ते आरपार दगडाचं झालं होतं. त्याच्याही खाली, एका कपारीत, नारळाएवढी गोल अंडी होती. दगडाचीच, गोल घेरात मांडलेली. एक अंडं तडकलेलं होतं. शेजारी बैलाच्या मांडीहून जाड असं एक हाड.

खेमाजी गुडघ्यावर बसला. त्यानं तडकलेल्या अंड्यावरून हात फिरवला.

"सटवाबा," तो म्हणाला, आणि त्या माणसाला असं नातं लावून त्यानं पहिल्यांदाच हाक मारली होती, "कुठल्या आईनं इथं घरटं केलं असेल? तिलाही वाटलं असेल, ही जागा आपली."

 सटवाजीला आपली नदी आठवत होती.

राजा आला. पारावर धुऊन पुसून ठेवलेला दगड त्यानं पाहिला. "खूण स्पष्ट आहे," तो म्हणाला. "पाटील, माळ तुमचा. काही सांगायचंय?"

गावाचे डोळे खेमाजीवर लागले. भागाईनं पदर तोंडाशी धरला. खेमाजी गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

"महाराज, दगड खरा आहे," तो म्हणाला. "पण त्याच्याखाली चूल आहे, आणि ती आमची नाही. चला, दाखवतो."

गावात गलका उठला. राजा खड्ड्यात उतरला, मग कड्याखाली उतरला. अंड्यांपाशी तो वाकून बसला. आपण या भूमीचे धनी, असं भाट रोज त्याला ऐकवत. तो हळूच म्हणाला, "मग या जागेवर पहिला हक्क कुणाचा?"

"जो पहिला, तो विचारायला उरला नाही, महाराज," खेमाजी म्हणाला. "इथं सगळे येतच गेले. आधी कोण आलं असं विचाराल, तर आम्ही दोघंही हरलो. कुणाला राहायला जागा हवीय, तेवढं विचारा."

राजानं निवाडा दिला. माळ सटवाजीच्या माणसांना कसायला मिळाला, शिवार गावाकडं राहिलं, आणि कुणी कुणाला हाकलायचं नाही असं ठरलं.

गावानं खेमाजीला माफ केलं नाही. हातातला खटला घालवला म्हणून पाटीलकी काढून घेतली. पारावर त्याला कुणी बसायला सरकून जागा देईना. भागाई म्हणाली, "घर अजून आपलंच आहे ना, मग झालं." पण तिचेही डोळे भरून आले होते. खेमाजी तोंडानं कुरकुरला नाही, मनातून मात्र तो पुष्कळ दिवस दुखत राहिला.

काही वर्षं गेली. एका पावसाळ्यात पाणी कड्याच्या भेगांत शिरलं. लाल पट्टे भिजून मऊ झाले, आणि अर्ध्या गावासकट काळ्या पाषाणाचा मोठा तुकडा दरीत कोसळला. जमिनीचा गुरगुराट ऐकून माणसं आधीच बाहेर पळाली होती, म्हणून जीव वाचले. घरं, गोठे, पार, सगळं गेलं. भिजलेली पोरं आणि वाचलेली भांडी घेऊन गाव माळाच्या कडेला येऊन थांबलं. पुढं पाऊल टाकायला कुणी धजेना. हाकलायची भाषा ज्यांनी केली होती, ते सगळ्यांत मागं उभे होते.

सटवाजी आता फार थकला होता. काठी टेकत तो बाहेर आला. त्यानं कुणाचं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. वळून आपल्या माणसांना म्हणाला, "शेळ्या त्या बाजूला बांधा रे, इकडं जागा करा. आणि चुली पेटवा, पोरं गारठलीत."

मंडळी, धरती कुणालाच कायमचा आसरा देत नाही. म्हणून आपल्या दारी आलेल्याला जो जागा करून देतो, तोच तिच्यावर खरा नांदतो.