हनोखबाबाचा रोजचा दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. ज्यांना नेमकं ठाऊक होतं ते सगळे चर्चमागच्या मातीत निजलेत, आणि जे सांगतात ते दर खेपेला वेगळं सांगतात. पण गोष्ट खरी आहे, एवढं मात्र सगळेच म्हणतात.

डोंगराच्या पायथ्याला खोरवाडी नावाचं गाव होतं आणि गावाबाहेर दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. बांधावर घायपात उगवायची. तिची पानं कुजवायची, झोडपायची, त्यातून पांढरा वाख काढायचा आणि वाखाला पीळ देऊन दोर करायचा, हा त्यांचा धंदा. वस्तीतली सगळी घरं ख्रिस्ती झालेली. गावच्या विहिरीवर त्यांना कुणी फिरकू देत नसे, म्हणून त्यांनी स्वतःची विहीर खणली होती. खडकातून खणत गेले आणि पाणी काही लागेना. शेवटी लागलं तेव्हा विहीर एवढी खोल झाली होती की वरून टाकलेला खडा तळाला पोचेपर्यंत माणसाची जांभई देऊन व्हायची, असं म्हणतात.

या वस्तीत हनोख राहायचा आणि त्याची बायको सगुणा. दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं पुढं वाख लावत जायचं आणि दुसऱ्यानं लांब उभं राहून फिरकी फिरवायची. हनोख वाख लावी, सगुणा फिरकी धरी. पण त्याआधी, रोज सकाळी, दोघं उंबऱ्यात बसून बायबल वाचत. हनोख मिशनच्या मास्तरांकडून वाचायला शिकला होता. वाचन झालं की सगुणा म्हणायची, "चला, आता हात चालतील." एकही सकाळ चुकत नसे.

वस्तीत अजून एक बायबल होतं, प्रार्थनाघरातलं. मोठं, जाडजूड, आणि ते सांभाळायचे गमलियेलपंच. माणूस भला, पण मानाचा मोठा. दर नाताळला पंच त्या पुस्तकाला नवं कापड बांधायचे. जुनं सोडत नसत, त्यावरच नवं. अशी कितीतरी कापडं झाली होती आणि पुस्तक तान्ह्या बाळासारखं दिसायला लागलं होतं. बांधायला सगळे पुढं, सोडायला कुणी नाही. पवित्र वस्तू, हात कसा लावायचा! हनोखच्या बायबलाची पानं मात्र अंगठ्यानं काळी पडलेली आणि त्यांच्यात वाखाचे धागे अडकलेले.

"काय दशा केलीस रं पुस्तकाची!" पंच म्हणायचे.

"पंच, पुस्तकानं माझी दशा नीट ठेवलीय. त्याची थोडी बिघडली तर बिघडू द्या," हनोख म्हणायचा.

आणि मग एका उन्हाळ्यात सगुणा विहिरीत पडली. पाणी ओढताना रहाटाचा दोर तुटला आणि पाय घसरला. हनोख आठवडी बाजारात दोर विकायला गेला होता, आणि बाकीचेही गेले होते. वस्तीतला सगळा चांगला दोर त्या दिवशी बाजारात होता. म्हातारी माणसं उरलीसुरली चऱ्हाटं घेऊन धावली, पण तळाला पोचेल असं एकही नव्हतं. दोर वळणाऱ्यांच्या वस्तीत दोर कमी पडला. हनोख परत आला तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर हनोखचे हात थांबले.  कितीतरी दिवस तो उंबऱ्यात नुसता बसून राहिला. मग एका सकाळी त्यानं बायबल उघडलं आणि जिथं दोघांचं वाचन थांबलं होतं तिथून पुढं वाचलं. मोठ्यानं वाचलं, सगुणा ऐकतेय असं. वाचून झाल्यावर त्यानं वाख उचलला, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाला, "जरा फिरकी धर बाबा," आणि चार बोटं दोर वळला. फक्त चार बोटं, पण जाड आणि घट्ट. मग हात पुढं चालेना, म्हणून त्यानं तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी वाचन, आणि चार बोटं. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढं हात मोकळे झाले, बाजाराचा दोर तो पहिल्यासारखा वळू लागला, पण हा रोजचा दोर त्यानं सोडला नाही. तो विकायचा नाही. ज्याला फिरकी धरायला बोलवी त्याला आधी वाचन ऐकावं लागे. काहीजण लांबून वळसा घालून जायला लागले. खरं सांगतो, मीही गेलो असतो!

"एवढा दोर पाहिजे तर आठ दिवसांत वळून टाक की," पंच म्हणाले. "ही चार चार बोटं काय लावलीयस?"

"वाचल्याबिगर या दोराला माझा हात चालत न्हाई, पंच. अन् रोजच्याला रोजचंच वाचून होतं. सगुणेच्या वेळी दोर कमी पडला. पुन्यांदा कुणाला कमी पडू देणार न्हाई."

अशी दोन वर्षं होत आली आणि दुष्काळ पडला. घायपातसुद्धा करपली. विहीर आटली, तळाला कुठंतरी झिरा तेवढा राहिला. पोरीबाळी कडेला नव्यानं खोदलेल्या पायऱ्यांनी आत उतरायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरून वर यायच्या. एके दिवशी भर दुपारी गमलियेलपंचांची मुलगी रिबका खाली उतरली आणि एका बाजूची दरड पायऱ्यांसकट कोसळली. रिबका एका कपारीवर अडकली. एक हात मोडला. पायाखाली दरडीची माती साचलेली, आणि ती हळूहळू झरत होती.

सगळी वस्ती काठावर आली. घराघरातले दोर आणून एकमेकांना बांधले, मुंडाशीही बांधली, पण दुष्काळाच्या उन्हानं सगळं वाळून गेलेलं. ताण दिला की गाठीपाशी तुटायचं. पंच काठावर गुडघे टेकून खाली नुसते "रिबका, रिबका" करत होते.

तेवढ्यात हनोख आला. खांद्यावर रोजच्या दोराचं, घरात सावलीला जपलेलं वेटोळं होतं. त्यानं टोकाला फासा केला, वरचं टोक रहाटाच्या लाकडाला बांधलं आणि दोर सोडला. दोर गेला, गेला, गेला. रिबकेच्या डोक्यावरून फासा खाली आला. पण काखेखाली बसेना.

"कमी पडतोय, हनोखबाबा!" तिचा आवाज आला. "चार बोटं कमी पडतोय!"

जोड द्यावा तर गाठीपाशी तुटणार, आणि लाकडाला न बांधता एवढ्या खोलातून ओढणार कसं? पण ती चार बोटं कुठली, हे त्या सगळ्या माणसांत एकट्या हनोखला ठाऊक होतं.

तो काठावर बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "एक दिवस म्या चुकवला. वाचनात गोष्ट निघाली यिर्मया संदेष्ट्याची. त्याला लोकांनी विहिरीत सोडला, अन् तो चिखलात रुतला. एवढं वाचलं अन् मला सगुणा दिसली. म्या पुस्तक मिटलं. देवाला म्हणलं, तुजं पुस्तक तूच वाच. त्या दिवशी दोर वळला न्हाई. दुसऱ्या दिवशी ते पान सोडून पुढं गेलो."

असं म्हणून त्यानं वाखाच्या पिशवीतून बायबल काढलं.

पंच ओरडले, "आरं, वाचत काय बसतोस! माजी पोर मरंल!"

"पंच, ही चार बोटं वाचल्याबिगर होयाची न्हाईत. तुमी फिरकी धरा."

काय झालं कोण जाणे, पंचांनी फिरकी धरली. आयुष्यात पहिल्यांदा धरली असेल. दोघांनी दोराचं वरचं टोक लाकडावरून सोडून हातात घेतलं, आणि खालचा दोर दहाजणांनी धरून ठेवला. वाख कोरडा होता, त्याला पीळ बसेना. तेव्हा एका बाईनं घरातली शेवटची घागर आणली आणि त्यावर रिती केली. शेजारणीनं पुस्तक हनोखच्या समोर उघडून धरलं. हात वाख लावत होते आणि तोंड वाचत होतं. त्याचा आवाज विहिरीत उतरत गेला आणि रिबका रडायची थांबून ऐकू लागली, असं म्हणतात.

यिर्मया चिखलात रुतला, तिथपर्यंत हनोखनं वाचलं. जिथं पुस्तक मिटलं होतं ती जागा आली. या वेळी तो थांबला नाही. पुढं राजवाड्यातला एक परदेशी चाकर निघाला. तो राजाकडे गेला, माणसं मागून आणली, आणि त्यानं यिर्मयाला दोरांनी वर काढलं.

"वर काढला?" हनोख म्हणाला. "आरं, त्याला वर काढला! म्या एवढे दिस त्याला चिखलातच ठेवला व्हता!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पीळ बसत होता. मग तो पुन्हा मागच्या ओळीवर आला, कारण तिथं एक गोष्ट होती जी घाईत निसटली होती. वर ओढण्याआधी त्या चाकरानं जुनी फाटकी कापडं खाली सोडली होती. दोर काचू नये म्हणून ती काखेत धर, असं त्यानं यिर्मयाला सांगितलं होतं.

हनोखनं मान वर केली. घायपातीचा कोरा दोर, मोडलेला हात आणि एवढी खोल विहीर. नुसत्या दोरावर ओढली असती तर पोरीच्या काखा सोलल्या असत्या, आणि वेदनेनं तिनं अर्ध्या वाटेत दोर सोडला असता.

"कापडं आणा! जाड कापडं!"

पण कुणाच्या अंगावर धड कापड होतं? सगळ्यांची लक्तरं झालेली. तेव्हा गमलियेलपंच उठले आणि प्रार्थनाघराकडे पळत सुटले. परत आले ते मोठं बायबल छातीशी धरून. तिथंच मातीत बसून त्यांनी एकेक गाठ सोडली. नाताळामागून नाताळ उलगडत गेला. इतकी वर्षं ते कापड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याला कापड म्हणून कुणी पाहिलंच नव्हतं. पंचांनी सगळा ढीग विहिरीत रिबकेपाशी टाकला आणि उघडं झालेलं मोठं बायबल शेजारणीच्या मांडीवर ठेवलं.

चार बोटं झाली. दोर पुन्हा लाकडाला बांधला. फासा रिबकेच्या काखेखाली बसला, त्याखाली कापडाच्या घड्या बसल्या, आणि सगळी वस्ती ओढायला लागली. असं म्हणतात की तिचा पाय कपारीवरून उचलला जाईपर्यंत पायाखालची माती टिकून राहिली आणि पाय सुटताच धाडकन कोसळली. असंही म्हणतात की मिटलेल्या पानाची चार बोटं सबंध दोरात सगळ्यांत घट्ट निघाली. रिबका वर आली तेव्हा तिच्या काखेत दोराचा साधा वळसुद्धा उमटला नव्हता.

पंचांनी पोरीला कवटाळलं, मग हनोखकडे गेले. 

"उद्या सकाळी फिरकी धरायला येऊ का रं?" एवढंच ते म्हणाले.

"या. पण लवकर या. आधी वाचन आसतंय."

आणि पंच मरेपर्यंत जात राहिले. हनोखबाबा त्यांच्यानंतरही पुष्कळ जगला. शेवटी दिसेनासं झालं तेव्हा रिबका त्याला वाचून दाखवायची आणि तो चार बोटं वळायचा.

आजही खोरवाडीच्या त्या वस्तीत बायबलाला कुणी कापड बांधत नाही. नाताळला नवं कापड आणतात, पण ते ज्याच्या अंगावर नसेल त्याला देतात. सकाळी घराघरातून वाचल्याचा आवाज येतो आणि वाचन झालं की प्रत्येक घर चार बोटं दोर वळतं. कापणीच्या सणाला सगळ्या घरांचे दोर एकत्र पिळतात आणि सगुणेच्या विहिरीत सोडतात. दरवर्षी दोर तळापासून थोडा वरच राहतो, असं म्हणतात. तेव्हा कुणाच्या घरी वाचन चुकलं, हे कुणी कुणाला विचारत नाही. सगळे काठावर बसतात. कमी पडलेला दोर वळायला वस्तीतलं सगळ्यांत म्हातारं माणूस फिरकी धरतं, यिर्मयाची गोष्ट पहिल्यापासून वाचली जाते, आणि त्याला वर काढेपर्यंत कुणालाही उठू देत नाहीत.