नीळपेठेची दवंडी

डोंगरांच्या ओंजळीत, सुरंगी नदीच्या वळणावर, नीळपेठ नावाचं एक छोटंसं नगर होतं. त्या नगरात बकुळा नावाची एक छोटीशी मुलगी राहायची. तिला वडील नव्हते. आई होती, गोमती. गोमती सतरंज्यांचं सूत रंगवायची, म्हणून तिचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, जणू नुकतेच आभाळात बुडवून काढलेले!

पण हल्ली ते निळे हात रिकामे असत. पुराने नदीवरचा पूल वाहून नेला, तेव्हापासून व्यापारी यायचे बंद झाले. डोंगराला वळसा घालून एवढ्या लांब कोण येणार? घरात भाकरी एकदाच भाजली जायची, आणि तीही मोडून आई मोठा तुकडा बकुळाच्या ताटात सरकवायची. "मला भूक नाही गं," म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

बकुळाचा जीव मुळी ठिकाणावर नसायचा. सकाळी डोळे उघडले की ती धावत गल्लीत जायची आणि बघायची, आज कोणाच्या दाराला कुलूप लागलं? कधी कुंभारांच्या, कधी शिंप्यांच्या. तिची मैत्रीण सुगंधी गेली, तेव्हा गाडीच्या मागून हात हलवता हलवता तिचा हात दिसेनासा झाला. मग धोंडूकाका विणकर गेले. गाड्या डोंगरवाटेने दूरच्या शहराकडे जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या.

माणसं गेली, पण त्यांची झाडं मागेच राहिली. कुलूप लावलेल्या घरांच्या अंगणात जाई, शेवंती, गुलबक्षी, लाल लाल जास्वंद, सगळी माना टाकून उभी. बकुळाला ते बघवायचं नाही. चिमुकली कळशी घेऊन ती नदीवर जायची आणि या अंगणातून त्या अंगणात पळत सुटायची. एकाला पाणी घालताना दुसऱ्याची काळजी, दुसऱ्याला घालताना तिसऱ्याची.

एके दिवशी धोंडूकाकांच्या परसात तिला एक झेंडू दिसला. त्याची इवलीशी केशरी कळी पार कोमेजली होती. कळशीत घोटभरच पाणी उरलं होतं, आणि उन्हाने बकुळाचाही घसा सुकला होता. तिने कळशीकडे पाहिलं, कळीकडे पाहिलं.

"तूच पी," ती म्हणाली आणि पाणी ओतून टाकलं.

तशी कळी थरथरली. एकेक केशरी पाकळी उलगडत गेली आणि आतून बोटाएवढी एक परी बाहेर आली! चतुरासारखे तिचे पारदर्शक पंख, त्यांवर जांभळी, पोपटी, सोनेरी झाक. अंगावर दवाच्या थेंबांचा लखलखता झगा.

"हुश्श!" परी म्हणाली. "वाचवलंस गं बाई मला. माझं नाव झुळूक. किती धावतेस तू! बस की जरा."

"बसून कसं चालेल?" बकुळा म्हणाली. "अजून चार अंगणं राहिलीत. आणि मी बसले तेवढ्यात कोणी निघून गेलं तर?"

परी हसली. तिच्या हसण्याने शेजारची जास्वंद टवटवीत झाली. "मग ऐक. तुला मी तीन इच्छा देते. पण त्यांचे नियम आहेत हं. इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. माझी जादू माणसाच्या मनावर चालत नाही. जाणाऱ्याला मी अडवणार नाही आणि न येणाऱ्याला ओढून आणणार नाही. आणि नुसतं डोळे दिपवायला जे मागशील ते सूर्याबरोबर मावळेल. हाताला काम देईल तेच टिकेल."

बकुळाला धीर कुठला? शेवटचा नियम तिने अर्धवटच ऐकला. "नीळपेठ झगमगू दे!" ती ओरडली. "इतकी झगमगू दे, की सगळं जग बघायला येईल!"

परीने पंख फडफडवले आणि काय नवल! घरांची छपरं सोन्याची झाली. चौकात कारंजी उडू लागली, गुलाबी, निळी, चंदेरी. रस्त्यातल्या खड्यांचे मोती झाले.

डोंगरावरून लोकांनी ती झगमग पाहिली आणि झुंडीच्या झुंडी आल्या. कोणी होड्यांतून आले, कोणी घोड्यांवरून. नगरशेठ त्रिंबकशेठ पगडी सावरत चौकात उभे राहिले. "या, या! सोन्याच्या छपरांचं नगर बघा!" असं म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. लोकांनी बघितलं, मोती खिशात घातले, फुलं तोडली. चांगलं बघता यावं म्हणून अंगणांतल्या रोपांवर पाय देऊन उभे राहिले. मग एक पाहुणा म्हणाला, "छान आहे. आणखी काय आहे इथे?" त्रिंबकशेठनी पुन्हा छपरांकडेच बोट दाखवलं. नगरातले सगळेच आपापली कामं टाकून छपरांकडे बघत उभे होते.

सूर्य मावळला आणि सोनंही मावळलं. पाहुण्यांच्या खिशातले मोती पुन्हा खडे झाले. "फसवलं आपल्याला," असं बडबडत लोक निघून गेले.

सकाळी तुडवलेल्या अंगणांतून बकुळा हिंडली तेव्हा तिला रडू आवरेना. घरी आली तर आई गाठोडं बांधत होती.

"आई, हे काय?"

"उद्या जिवाजीकाका विणकरांची गाडी निघतेय. त्यांच्याबरोबर आपणही शहरात जाऊ, बाळा."

"मी नाही येणार!"

गोमतीने आपले निळे हात बकुळाच्या गालांवर ठेवले. "मला तरी कुठे जायचंय? पण सूत रंगवून ठेवू कुठे? न्यायला कोणी येत नाही. पूल असता तर गोष्ट वेगळी होती."

पूल! बकुळा तशीच उलट्या पावली धावत सुटली. परसात झेंडूवर झुळूक झोके घेत होती.

"पूल दे! मजबूत पूल दे! भरलेल्या गाड्या जातील असा!"

"आत्ता कसं बोललीस!" परी म्हणाली आणि नदीच्या दिशेने सुर्रकन उडाली. पाण्यातून गुळगुळीत दगड वर येऊ लागले. निळे, आकाशी, मोरपंखी, एकावर एक बसत गेले आणि बघता बघता सुरंगीवर सुंदर कमानींचा पूल उभा राहिला. सूर्य मावळला, तरी पूल तसाच होता. त्या रात्री बकुळा कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. पूल आला, आता कशाला कोण जाईल?

पण दिवस उजाडला आणि चाकांच्या आवाजाने ती जागी झाली. पुलाकडे गाड्या निघाल्या होत्या. एक नाही, एकामागून एक, सामानाने भरलेल्या!

"बरं झालं हो पूल झाला," कोणीतरी म्हणत होतं. "आता डोंगराला वळसा नको. दुपारच्या आत शहर गाठू."

आणि सगळ्यांत पुढे होती जिवाजीकाकांची गाडी. तिच्यावर आई गाठोडं घेऊन बसली होती. "चल बकुळा, चढ लवकर. पूल झाला, पण व्यापारी कुठे आलेत? बैल थांबत नाहीत."

"आलेच!" म्हणत बकुळा परसाकडे पळाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झुळूक, तू दिलेल्या पुलावरूनच सगळे चाललेत!"

"पुलाला दोन टोकं असतात गं," परी हळूच म्हणाली. "जसं इकडून जाता येतं, तसं तिकडून येताही येतं."

"पण तिकडच्यांना सांगणार कोण? त्रिंबकशेठ कालपासून काठावरून ओरडताहेत, आमचं नगर सोन्याचं आहे म्हणून. लोक हसतात. आमच्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही." बोलता बोलता बकुळा एकदम थांबली. डोळे पुसून तिने विचारलं, "असा ढोल देशील? जो खरं सांगितलं तरच वाजेल आणि खूप खूप लांब ऐकू जाईल? खोटं बोललं तर गप्प बसेल, असा?"

परीचे पंख आनंदाने लखलखले. "घे!"

आणि बकुळाच्या गळ्यात एक चिमुकला लाल ढोल आला, त्याला पिवळेधमक गोंडे, आणि हातात तो वाजवायचं टिपरू. ती गाड्यांच्या पुढे पळत पुलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्यामुळे गाड्या अडल्या. पलीकडच्या काठावर रस्त्याने जाणारे काही लोक होते. तिने टिपरू उचललं.

"ऐका हो ऐका! नीळपेठेच्या विहिरींचं पाणी गोड आहे!"

धुम्म! एवढ्याशा ढोलातून केवढा आवाज! डोंगर दुमदुमले. पलीकडचे लोक थबकले.

"नीळपेठेच्या सतरंजीचा रंग उन्हात उडत नाही!"

धुम्म!

"आमच्याकडे खूप घरं रिकामी आहेत! अंगणं तुडवली गेली आहेत, पण मुळं जिवंत आहेत! आमच्याकडे शाळा आहे, पण मास्तर निघून गेले!"

धुम्म! धुम्म!

"अगं गप!" त्रिंबकशेठ धापा टाकत आले. "आपलं उणं कोणी असं जगाला सांगतं का? आण तो इकडे." त्यांनी ढोल घेतला, पगडी नीट केली आणि म्हणाले, "ऐका हो ऐका! नीळपेठेत कोणाला कसलीच चिंता नाही!"

फुस्स!

गाड्यांवरची मुलं खुदकन हसली. शेठनी पुन्हा जोरात टिपरू मारलं. फुस्स! त्यांचा चेहरा पडला. ते पुलाच्या कठड्यावर बसले आणि कोणालाच नव्हे, आपल्याशीच पुटपुटले, "रोज एक घर रिकामं होतं. मला रात्र रात्र झोप लागत नाही." नकळत त्यांचं बोट ढोलावर पडलं.

धुम्म!

कोणीच हसलं नाही. जिवाजीकाकांनी मान खाली घातली.

तेवढ्यात पलीकडून एक बाई आली. काखेत पुस्तकांचं बोचकं, मागे दोरीला बांधलेली पांढरी शेळी. "शाळेला मास्तर नाहीत असं ऐकलं," ती म्हणाली. "बाई चालेल का?"

"चालेल!" बकुळा उडी मारून म्हणाली. "शेळीसुद्धा चालेल!"

तिच्यामागून एक सुतार आणि त्याची बायको आली. ती दोघं राहायला घर शोधत होती. त्यांच्यामागून तट्टू हाकत एक व्यापारी आला आणि जिवाजीकाकांच्या गाडीतली सतरंजी चाचपून बघू लागला. "अशा आणखी आहेत?" त्याने विचारलं. "सोन्याच्या छपरांचं काल ऐकलं, पण आलो नाही. असलं फार ऐकतो मी. ज्या ढोलाने शाळेला मास्तर नाहीत हे सांगितलं, त्याने सतरंजीचंही खरंच सांगितलं असणार."

"आहेत की," जिवाजीकाका चाचरत म्हणाले. "म्हणजे, माग लावला तर होतील. पण सूत रंगवून कोण देणार?" आणि त्यांनी हळूच गोमतीकडे पाहिलं.

गोमती गाडीवर तशीच बसून होती. गाठोड्याची गाठ तिने घट्ट धरून ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावरून बकुळाला काहीच कळेना. मनावर जादू चालत नाही, हे तिला आता चांगलंच ठाऊक होतं. इच्छाही संपल्या होत्या. तिने ढोल पुन्हा गळ्यात घातला. टिपरू हातात घेतलं.

"ऐका हो ऐका. नीळपेठेत एक मुलगी आहे. तिला इथून जायचं नाहीये."

धुम्म, ढोल हळूच वाजला.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या थांबल्या. खाली नदी तेवढी खळखळत होती. गोमती गाडीवरून उतरली. लेकीजवळ आली, तिच्या हातातलं टिपरू आपल्या निळ्या हातात घेतलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली, जणू जे बोलायचं ते आधी स्वतःलाच विचारत होती.

"ऐका हो ऐका," ती म्हणाली. "ही मुलगी आणि तिची आई, दोघी इथेच राहणार आहेत."

बकुळाने डोळे गच्च मिटले. वाजेल का? की गप्प बसेल?

आईने टिपरू मारलं.

धुम्म्म! असा आवाज, की सुरंगीचं पाणी थरथरलं, पुलाचे मोरपंखी दगड शहारले आणि रानातले सगळे पोपट एकदम आभाळात उडाले. बकुळाने डोळे उघडले. पोपटांच्या त्या हिरव्यागार थव्यामध्ये एक इवलासा सोनेरी ठिपका लकाकत होता. तो वर वर गेला, उजळ उजळ होत गेला. केशरी, गुलाबी, मग पांढराशुभ्र उजेड सगळ्या दरीत पसरला आणि अलगद विरून गेला.

परी गेलेली फक्त बकुळाने पाहिली. बाकीचे सगळे गाड्यांचे बैल सोडण्यात गुंतले होते.