वरच्या पाड्यांची माणसं का वाचतात

“पण पाला कोणता, बाबा? नुसतं नाव सांगा.”

“पाला नाही, बाई. पाणी.”

“मग पाण्यात काय घालता?”

“काही नाही.”

बर्वे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपच्या चाकाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा हेच चाललं होतं, आणि माझ्या पोटात सकाळपासून दोन बिस्किटं होती.

आधी जागा सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. सोनखांबचा घाट निम्मा चढला की एक वळण लागतं. तिथं इनायतबाबांचा तकिया. तकिया म्हणजे काय, तर फकिराचा एक ओटा, वर पत्रा आणि बाजूला पाण्याचा रांजण. गाडी इथपर्यंतच येते, पुढे पायवाट. वरच्या पाड्यांना तालुक्याला उतरायला तेवढी एकच वाट आहे. आजारी माणसाला झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात आणि दोघं जण बांबू खांद्यावर घेतात. आमलीपाड्याहून तकियापर्यंत पाच तास लागतात.

बर्वे मॅडम डॉक्टर आहेत, पण औषधांच्या नव्हे, आकड्यांच्या. शहरातल्या मोठ्या संस्थेतल्या. मी कुवर, तालुक्याच्या दवाखान्यातला नोंदणी कारकून. एकोणीस वर्षं झाली. सर्पदंशाचं रजिस्टर माझ्या अक्षरातलं. मॅडमचं सगळं संशोधन त्या रजिस्टरवर उभं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. घरी बायकोलाही सांगून झालं होतं.

“असं बघा बाबा,” मॅडम ओट्यावर मांडी घालून बसल्या. “साप चावणं हा एकट्या डॉक्टरचा प्रश्न नाही. मी पावसाचे आकडे घेतले. उपग्रहावरून जंगल मोजलं. मातीवाल्यांना विचारलं, वनस्पतीवाल्यांना विचारलं. वाटांची अंतरं घातली. कुवरांच्या रजिस्टरमधली अकरा वर्षांची माणसं घातली. आणि त्या सगळ्याचं कॉम्प्युटरवर एक मॉडेल बांधलं. मॉडेल म्हणजे...”

“असू दे,” बाबा म्हणाले. “पुढे सांगा.”

“दवाखान्याजवळच्या गावांत साप चावला तर शंभरातले नऊ दगावतात. वरच्या पाड्यांतला एक. एकच! पाच तासांची वाट तुडवून येतात आणि तरी वाचतात. का वाचतात?”

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“सापाच्या जाती लावून पाहिल्या. वय, खाणं, पायातल्या चपला, सगळं लावलं. काही जुळेना. जुळली ती एकच गोष्ट. ते सगळे तुमच्या ओट्यावरून जातात.”

बोलताना बाईंचा चेहरा उजळला होता. ढोंग नव्हतं हो. त्यांना खरंच माणसं वाचवायची होती. एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

पण मला कुठं गप्प बसवतं! मी मध्ये तोंड घातलं.

“म्हणून तर बाबा, आमलीपाड्याचा फ्रिज चैत्रात खाली आणला.”

सापाच्या विषावरची इंजेक्शनं गार ठेवावी लागतात, म्हणून वरच्या चार उपकेंद्रांना दोन वर्षांपूर्वी फ्रिज दिले होते. मॅडमच्या अहवालात आलं की फ्रिज नव्हते तेव्हाही वर माणसं वाचतच होती, तर इंजेक्शनं जिथं माणसं मरतात तिथं ठेवा. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आता उरलेले तीन फ्रिज उतरवायचे होते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला बैठक होती, सही तेवढी राहिली होती. अहवालात एकच पान कोरं होतं, का वाचतात याचं. ते भरायला आम्ही इथं आलो होतो.

बाबांनी मान वर केली.

“फ्रिज नेला?”

“हो.”

“कुणी?”

“मीच,” मॅडम म्हणाल्या. हसून म्हणाल्या.

बाबा उठले. रांजणावरचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत ठेवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याला उठायला-बसायला वेळ लागतो. पण हा वेळ वयाचा नव्हता. काही बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

“बाई... इथून जाणारे सगळे वाचतात, हे कुणी सांगितलं?”

“रजिस्टरनं.”

“ते कुठं असतं?”

“दवाखान्यात. कुठं असणार?”

“हां...”

एवढंच. मॅडमनी पिशवीतून काचेची बाटली काढली आणि रांजणातलं पाणी भरून घेतलं. ओट्याजवळचा पाला तोडला. चुलीतली राख कागदात बांधली. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. मी पुड्या धरत होतो.

तेवढ्यात वरच्या वळणावर झोळी दिसली.

दोघं बांबू खांद्यावर घेऊन, दोघं बदलीला मागून. आणि एक बाई झोळीच्या कडेला हात लावून चालत होती. साप चावलेलाच असणार. श्रावणात दुसरं काय असतं!

“आली!” मॅडम उठून उभ्याच राहिल्या. घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. मग फोन काढून समोर धरला. “बाबा, नेहमी जे करता तेच करा. मी मध्ये येणार नाही. कुवर, तुम्ही गाडी वळवून ठेवा.”

मी गाडी वळवली. तोंड खाली, दार उघडं, इंजिन चालू.

झोळी वळणावर थांबली.

त्यांनी ती खाली ठेवली. पुढचा माणूस उकिडवा बसला, झोळीत वाकला. बराच वेळ तसाच वाकून होता. मग ती बाई खाली बसली. आवाज आमच्यापर्यंत आला नाही, तेवढं अंतर होतं.

“दमले असतील,” मॅडम म्हणाल्या.

बाबांनी किटली रांजणात बुडवली, भरली आणि पायवाटेला लागले.

वर त्या दोघांनी बांबू उचलला. पण आधी जागा बदलल्या. पुढचा होता तो मागे आला, मागचा पुढे गेला. आणि झोळी वर चालू लागली.

“अहो!” मॅडम ओरडल्या. “अहो, इकडे! दवाखाना खाली आहे! गाडी आहे इथं!”

त्या आठ-दहा पावलं धावल्या. चप्पल निसटली.

“कुवर, त्यांना सांगा ना! गाडी आहे म्हणावं! चुकले ते!”

मी इंजिन बंद केलं.

“चुकले नाहीत, मॅडम.”

“म्हणजे?”

“मेलेलं माणूस दवाखान्यात कोण आणतं? घरी नेतात.”

वर बाबांनी झोळीला गाठलं होतं. झोळी पुन्हा थांबली. बाबांनी वाकून आतल्याच्या तोंडात पाणी घातलं, मग त्या बाईच्या ओंजळीत. मग तेही त्यांच्याबरोबर वर चालू लागले आणि सगळेच दिसेनासे झाले.

“मग... याची नोंद?”

“आलेल्याची नोंद होते.”

“आणि वाटेत गेलेल्याची?”

“वाटेत कुठलं रजिस्टर, मॅडम!”

त्या ओट्यावर बसल्या. फोन अजून हातात, अजून चालू. कुणाला सांगावं तसं नाही, पाढा म्हणावा तसं बोलू लागल्या. “ज्यांना विष चढलं ते पाच तासांत वाटेतच... ज्यांना चढलंच नाही ते खाली पोचले. मी पोचलेलेच मोजले. म्हणून शंभरातला एक...”

मग माझ्याकडे वळल्या.

“तुम्हाला माहीत होतं, कुवर?”

आता काय सांगू? बाजाराच्या दिवशी वरची माणसं भेटतात. अमक्याची झोळी परत गेली, तमकीची झोळी परत गेली, हे मी एकोणीस वर्षं ऐकत आलो. ऐकायचं, च्च म्हणायचं आणि भाजी घ्यायची. माझ्या रजिस्टरात नाव आहे, गाव आहे, आल्याची वेळ आहे.

“रकाना नव्हता, मॅडम,” मी म्हणालो.

लाज वाटली. आज सांगतानाही वाटते.

मला वाटलं मॅडम रागावतील, चार शब्द सुनावतील. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याची बाटली मांडीवर घेतली, चिठ्ठी नखानं खरवडून काढली. पाणी तिथंच मातीत ओतलं.

बाबा तासाभरानं परतले. धोतराच्या कडेला चिखल, किटली रिकामी. त्यांनी आम्हाला पाहिलं, जणू आम्ही गेलो असू असं त्यांना वाटलं होतं.

मॅडमनी वही उघडली. सवय हो, दुसरं काय! पण पेन काही टेकेना.

“बाबा... असे वर्षाला किती परत जातात?”

बाबांनी पायाचा चिखल निपटला.

“अंदाजे सांगा. दहा? वीस? मला उद्या बैठकीत सांगावं लागेल. फ्रिज परत मागावा लागेल. आकड्याशिवाय कुणी ऐकणार नाही हो...” बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. वही मिटली आणि चेहरा त्या वहीतच लपवला.

मी जीपमध्ये जाऊन बसावं की इथंच थांबावं, मला कळेना. थांबलो.

मॅडमनी डोळे पुसले.

“कोण होता तो?”

बाबांनी किटली उलटी करून ओट्यावर ठेवली.

“आमलीपाड्याचा. तुमच्याकडेच निघाला होता, बाई.”