न्हाऊमाखू घातलेली पाडसं

माणसानं रानात पहिली वाट पाडली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका पाणवठ्यावरून हरणांच्या दोन कळपांत युद्ध पेटलं. संध्याकाळी तह झाला, पण तेवढ्या पळापळीत पाडसं आयांपासून तुटली.

दोन्ही म्होरके शिंगं मिरवत म्हणाले, "लेकरं आम्ही शोधू आणि थाटात परत देऊ. आयांनी मध्ये लुडबुड करू नये."

सेवकांनी रान पिंजून पाडसं गोळा केली. सोहळ्यात चिखलानं बरबटलेली बरी दिसणार नाहीत, म्हणून त्यांना नदीत खसाखसा घासलं आणि वर केवडा चोळला.

कातरी नावाची हरिणी पहाटेपासून रांगेत उभी होती. तिनं एकेक पाडस हुंगलं. सगळ्यांना केवड्याचाच वास!

"महाराज, आम्ही लेकरू वासावरून ओळखतो हो. तो वासच धुऊन काढलात!"

एक म्होरका खेकसला, "घाण धुतली, बाई! आभार मानायचे सोडून कुरकुर कसली करतेस? घे यातलं एखादं. सगळी सारखीच गोजिरवाणी आहेत."

कातरी मागे फिरली आणि थेट बोरीच्या जाळीकडे धावली. युद्धाच्या गडबडीत तिनं लेकीला तिथेच दडवलं होतं; सेवकांनी तिलाही गोळा केलं असेल, असं तिला वाटलं होतं.

जाळीतून चिखलानं माखलेलं नाक बाहेर आलं. "आई, मला न्यायला किती जण आले! पण तू म्हणाली होतीस ना, मी येईपर्यंत हलायचं नाही."

कातरी तिला चाटू लागली. तेवढ्यात पाणवठ्यावरून दवंडी ऐकू आली, "सगळी पाडसं आपापल्या आईला मिळाली हो! कातरीचं तेवढं हरवलं!"