राजा केतिलचे दोन खांब

राजा केतिलच्या सिंहासनाचा एक खांब नदीच्या उत्तर काठाला लागला आणि दुसरा दक्षिण काठाला. त्या दिवसापासून दोन्ही काठांवरच्या गावांत कुणाला धड जेवण गेलं नाही.

उत्तरेच्या समुद्रापलीकडून आलेले नॉर्स दर्यावर्दी ज्या इंग्लंडात लढाई जिंकले आणि मग परत जायचं विसरले, त्या इंग्लंडातली ही गोष्ट. त्यांचा एक जुना रिवाज होता. नव्या जागी घर करायचं तर सिंहासनाचे दोन खांब पाण्यात सोडायचे. ते जिथं लागतील तिथं देवांची मर्जी आणि तिथंच राजवाडा. केतिलला यॉर्कचा कंटाळा आला होता, म्हणून त्यानं पुलावरून खांब सोडले. आता राजवाडा उठणार म्हणजे त्या जागचं गाव उठणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

दोन्ही गावं एकाएकी फार नम्र झाली. उत्तरेच्या एल्मटनकरांनी राजाला कळवलं, की आमच्या मातीला वास येतो, आमची जवाची दारू आंबट आहे आणि आम्ही माणसंही फारशी बरी नाही. दक्षिणेच्या साल्टबीकरांनी कळवलं, की आमच्याकडे हे सगळं आहेच, शिवाय डास आहेत. तेव्हा हा मान कृपा करून पलीकडच्यांना द्यावा.

राजा भडकला. खांबांना कुणी हात लावायचा नाही, सिंहासन दोन खांबांच्या मधेच असतं आणि तसंच असेल, उद्या सूर्य मावळायच्या आत जागा दाखवा. नाही तर दोन्ही गावं उठवीन, असं त्यानं बजावलं.

दोन्ही गावांनी मिळून वुल्स्टन नावाड्याला पुढं केलं. तो हुशार होता म्हणून नव्हे. त्याचं डोकं उडालं असतं तर त्याची नाव दोन्ही गावांना वाटून घेता आली असती. वुल्स्टनला याचं वाईट वाटलं नाही. स्वतःबद्दल त्याचंही मत साधारण असंच होतं. नावाडी असून त्याला पोहता येत नव्हतं आणि जरा वारा सुटला की त्याला बोट लागायची. मग तो नावेच्या काठावरून वाकायचा आणि उतारूंना सांगायचा, की मी पाण्याची खोली बघतोय.

"राजासमोर फार बोलू नका," निघताना त्याची बायको लेओबा म्हणाली. "तुम्ही बोलायला लागलात की उतारू पुलाचा लांबचा रस्ता धरतात."

दुसऱ्या दिवशी राजाचे सरदार लांब जहाजांतून, झेंडे फडकवत आले. राजा मात्र घोड्यावरून, चिखलाच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या मागून आला. एल्मटनचा धक्का म्हणजे ओंडके बांधून केलेला तराफाच. त्यावर पाऊल ठेवताना राजानं जवळच्या खुंटाला घट्ट धरलं. वुल्स्टननं ते पाहिलं. या पकडीची त्याला चांगलीच ओळख होती.

"जागा सापडली?" राजानं विचारलं.

"सापडली, महाराज." वुल्स्टननं नदीच्या मध्याकडे बोट दाखवलं. "एक खांब इकडं, एक तिकडं. मधली जागा ही."

एका सरदाराचा हात तलवारीकडे गेला. राजाच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे मी पाण्यात बसू?"

"पाण्यात नको, महाराज. जहाजात. आपल्या पणजोबांनी हा देश जिंकला, तेव्हा त्यांचं आसन जहाजातच होतं. देवांना त्याची आठवण आहे, असं दिसतं."

सरदारांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी ढाली बडवायला सुरुवात केली. थोरग्रिम नावाच्या म्हाताऱ्या सरदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त राजाचा चेहरा शिळ्या लापशीसारखा झाला. त्यानं वुल्स्टनला खुणेनं जवळ बोलावलं.

"गाढवा," तो कानात म्हणाला, "मला बोट लागते."

"मलाही लागते, महाराज."

"तू नावाडी आहेस ना?"

"आणि आपण नॉर्स राजे."

राजाच्या मिशा हलल्या. रागानं की कशानं, ते वुल्स्टनला कळेना. "मग आता कर काहीतरी. हे लोक मला आजच तिथं नेऊन बसवतील. मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा राजा बघतील. आणि राजा म्हणून मला शेवटचं एकच काम उरेल. तुझं डोकं."

बायकोचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हे वुल्स्टनला पटलं. पण आता थांबण्यात काही फायदा नव्हता. तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवांनी खांब धाडून सिंहासनाची जागा कळवली आहे. तिथं जहाज नांगरू, त्यात सिंहासन ठेवू. पण राजानं स्वतः कुठं बसावं, कुठं जेवावं, कुठं निजावं, याबद्दल खांबांनी काहीच कळवलेलं नाही. महाराज यॉर्कला राहिले तर कुठला रिवाज मोडतो?"

सगळे रिवाज तोंडपाठ असलेला दरबारातला एक म्हातारा सोबत आला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत सगळे रिवाज म्हणून पाहिले आणि बऱ्याच वेळानं मान हलवली. "एकही मोडत नाही."

राजा केतिल हसू लागला. आधी मिशीत हसला, मग पोट धरून. हसता हसता त्यानं दोन्ही गावांच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या गावांकडेच राहतील, असं जाहीर केलं. स्वतःच्या अंगावरचा अस्वलाच्या कातड्याचा झगा त्यानं वुल्स्टनच्या खांद्यावर टाकला.

"आणि आजपासून तू सिंहासनाचा राखणदार! बसून करायचं काम आहे."

"कुठं बसून, महाराज?"

"जहाजात. नदीच्या मधोमध."

आता सरदारही हसू लागले आणि त्यांच्या हसण्यानं तराफा चांगलाच डुलू लागला. वुल्स्टननं झगा सावरला, राजाचे आभार मानले आणि घाईघाईनं तराफ्याच्या काठावरून खाली वाकला.

"काय करतोस रे?" राजानं विचारलं.

"पाण्याची खोली बघतोय, महाराज."

राजा त्याच्याशेजारी येऊन वाकला. "जरा सरक," तो म्हणाला. "मलाही बघायचीय."