बस्त्यावच्या डोक्यावरचा दगड

पुष्कळ वर्षे झाली. केळखारच्या चर्चला तेव्हा घंटा नव्हती. पितळी थाळा वाजवून लोकांना प्रार्थनेला बोलावीत. गावाच्या पश्चिमेला खाडी होती, पूर्वेला भाताची शेते होती, आणि दोहोंच्या मध्ये चिखलाचा एक लांब बांध होता. त्या बांधात एक उघाडी होती, म्हणजे चार जाड फळ्यांचे दार. ओहोटीला फळ्या उचलून शेतातले पाणी खाडीत सोडायचे आणि भरती येण्यापूर्वी चारही फळ्या खाली बसवायच्या. हे काम बस्त्याव नावाच्या माणसाकडे होते. तो हसरा होता, मेहनती होता, आणि थोडा हावरा होता.

त्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत, एक जुनी रीत होती. चिखलाने भरलेली पाटी किंवा काळा दगड डोक्यावर घेतला, की तो एकट्याने उतरवता येत नाही. वरून टाकला तर बांधाला तडा जातो. म्हणून ओझेकरी "हात लावा" म्हणाला की वाटेने जाणाऱ्याने थांबायचे, मग तो वैरी का असेना. दोघांनी मिळून ओझे हलकेच खाली ठेवायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

बस्त्यावच्या मुलीचे लग्न ठरले. पाहुणे जेवायला येणार होते आणि दिवस पौर्णिमेचा होता. भर दुपारी उधाण येणार हे त्याला ठाऊक होते. उधाणाच्या पाण्याबरोबर बोय मासे आणि कोळंबी थव्याने आत शिरतात, हेही ठाऊक होते. त्याने वरची फळी उचलली आणि आत जाळे लावले. "एक 'आमच्या बापा' म्हणेपर्यंतच," असे तो स्वतःशी म्हणाला. प्रार्थना संपली, पण फळी खाली बसेना. पाण्याने ती धरून ठेवली होती. तो तिच्यावर चढला, त्याचा पाय खांबांमध्ये अडकला, आणि समुद्र त्याच्या डोक्यावरून शेतात जाऊ लागला.

जवळच कतरीनबाय नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा इनास पेंढा बांधत होता. त्याने उडी घेतली. बस्त्यावला दोन्ही खांद्यांना धरून त्याने काठावर लोटले आणि स्वतः फळीला पाठ लावली. फळी बसली. पाणी थांबले, गाव वाचले. पण इनास वर आला नाही. ओहोटीला लोकांनी पाहिले, तेव्हा त्याची पाठ फळीलाच टेकलेली होती आणि चेहरा शेतांकडे होता. त्या चेहऱ्यावर पाण्याचा एक थेंबही नव्हता, असे म्हणतात.

मूठमाती दिल्यावर कतरीनबाय गावाकडे वळून म्हणाली, "माझा गेला आणि हा उरला. याच्या ओझ्याला आजपासून कुणी हात लावायचा नाही."

गावाने तो शब्द पाळला.

बस्त्याव फादरांकडे गेला आणि त्याने आपले पाप सांगितले. फादरांनी त्याला क्षमा जाहीर केली आणि तीन वेळा 'आमच्या बापा' म्हणायला सांगितले.

"तीन?" बस्त्यावने विचारले. "फादर, तुम्ही नीट ऐकलंत ना?"

"ऐकलं. तुझं पाप ज्याने वाहायचं, त्याने ते क्रुसावर वाहिलं आहे. तू त्यात काय भर घालणार?"

"देवानं क्षमा केली असेल, फादर. पण ही मान ऐकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो टेकडीवरून रोज एक दगड डोक्यावर घेऊन बांधावर येऊ लागला. "हे मी सांगितलेलं नाही हो!" असे फादर दारातून ओरडत आणि तो मान न वळवता पुढे जाई. बांधावर आल्यावर तो वाकून दगड टाकी. टाकलेला दगड उतारावरून घरंगळे, चिखल सोलून काढी, आणि पुढच्या उधाणात वाहून जाई. इतकी वर्षे दगड वाहिले, पण बांध वीतभरही वाढला नाही. बायका मासळी नेताना हसत.

"काय रे बस्त्याव, खाडी भरत आली की नाही?"

"येईल," तो म्हणे.

"तुझी मान तेवढी खाली आली बघ!"

ते खरेच होते. त्याची मान डाव्या खांद्यावर कलली होती. समोरून कतरीनबाय आली की तो वाट सोडून चिखलात उतरून उभा राही, आणि ती त्याच्याकडे न बघता निघून जाई. असे चौदा वर्षे चालले. कुणी बारा सांगतात, ते बरोबर नाही. क्रुसाच्या वाटेची स्थाने चौदा आहेत आणि बस्त्यावची वर्षेही चौदाच.

चौदाव्या वर्षी पवित्र शुक्रवार आणि पौर्णिमा एका दिवशी आली. भर दुपारी क्रुसाच्या वाटेची मिरवणूक प्रार्थना करीत बांधावरून निघाली. उघाडीचा नवा राखणदारही मिरवणुकीत होता. चारही फळ्या बसवून तो निश्चिंत मनाने आला होता. पण सर्वांत खालची फळी किड्यांनी आतून पोखरली होती, हे त्याने पाहिले नव्हते. बस्त्यावने पाहिले. फळीखालून पाण्याची धार शेतात उडत होती. त्याने आपला दगड उचलला आणि तो उघाडीच्या तोंडाशी, शेताच्या बाजूने, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. दगड फळीच्या बुडाशी नीट बसवला तर ती टिकणार होती. वरून टाकला तर फुटणार होती.

फादर पाचवे स्थान वाचत होते. ख्रिस्त क्रुसाखाली वाकला आहे आणि शेतावरून परतणारा सिमोन नावाचा माणूस त्याच्या क्रुसाला हात लावतो, ते हे स्थान. तेवढ्यात खालून हाक आली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच ती हाक आली.

"हात लावा! माझ्यासाठी नको. शेतांसाठी हात लावा!"

कुणी हलले नाही. सगळे कतरीनबायकडे पाहू लागले. फादरांनी पुस्तक मिटून झगा वर खोचला, पण कतरीनबाय त्यांच्या आधी उतारावरून खाली गेली होती. तिने उघाडीचा तोच खांब पाहिला, तेच पाणी, तोच माणूस. आणि इनासचे हात जिथे शेवटचे टेकले होते ते दोन खांदेही तिने पाहिले. त्या खांद्यांवर हातांच्या खुणा उन्हात स्पष्ट दिसत होत्या, असे म्हणतात.

"कुठं ठेवायचा?" तिने विचारले.

"तिथं, बाय. खालच्या फळीपाशी."

"हं. वाक."

ती पाण्यात उतरली आणि तिने दगडाला हात लावला. दोघांनी तो हलकेच खाली नेला आणि फळीला टेकवला. धार थांबली. खाडीचे पाणी बांधाच्या काठापर्यंत चढले, काठाला एकदा शिवले आणि मागे वळले. त्या दिवशी भरती तासभर आधीच उतरली, असे म्हणतात.

बस्त्याव रडत होता. "बाय, अजून झालं नाही. मी आणखी वाहीन."

"किती वाहशील?" कतरीनबायने विचारले. "किती दगड म्हणजे माझा इनास? सांग."

बस्त्यावने पाण्यातल्या दगडाकडे पाहिले.

"नाही ना सांगता येत? मग पुरे. माझ्या मुलानं जीव देऊन तुला पाण्याबाहेर काढलं, आणि मी चौदा वर्षं तुला परत आत लोटत बसले. त्याचं देणं मीच वाया घालवत होते रे. प्रभूनं तुला सोडलं, इनासनं सोडलं; मी एकटीच धरून होते. तेही आता सोडलं." मग डोळे पुसून ती म्हणाली, "मान सरळ कर. घरी चल, पेज पिऊन जा."

त्याची मान तिथल्या तिथे सरळ झाली, असे म्हणतात. फादर मात्र म्हणत, की सरळ व्हायला आठवडा लागला, आणि तोही चमत्कारच होय. पुनरुत्थानाच्या रविवारी सगळे गाव दगड घेऊन बांधावर आले. एकाने वाहायचे, दुसऱ्याने उतरवायचे, अशी रांग लागली. तो बांध आजही उभा आहे. त्याच्या बुडाशी असलेला तो पहिला दगड खाऱ्या पाण्यात इतकी वर्षे राहूनही गुळगुळीत आहे. त्याच्यावर एकही कालव धरत नाही.

बस्त्याव आणि कतरीनबाय केव्हाच गेली. चर्चच्या आवारात इनासच्या एका बाजूला ती आहे आणि दुसऱ्या बाजूला बस्त्याव. तशी जागा तिनेच सांगून ठेवली होती.

केळखारला अजूनही पवित्र शुक्रवारी, क्रुसाची वाट संपल्यावर, प्रत्येक घरातून एक माणूस डोक्यावर दगड घेऊन बांधावर जातो. आपला दगड आपण उतरवायचा नसतो. वर्षभर ज्याच्याशी अबोला असेल, त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि "हात लाव" म्हणायचे. फार बोलायची रीत नाही. समोरचा म्हणतो, "हं, वाक." दोघे मिळून दगड खाली ठेवतात. ज्याच्या डोक्यावरून तो उतरला, तो काही सांगू लागला, तर दुसऱ्याने एकच शब्द उच्चारायचा असतो: "पुरे."

मग दोघे एका घरी पेज प्यायला जातात.